खोक्यावरचे वॅट

सियालदहच्या रेल्वे क्वार्टरमधला तरुण गाडीच्या दोन सबवूफरसाठी अॅम्प्लिफायर घ्यायला चांदनी चौकात गेला. सोबत वडील. खोक्यावर ठळक ‘२००० वॅट’! डब्यांच्या दिव्यांत हयात घालवलेल्या वडिलांनी विचारले, ‘‘अरे, आरएमएस किती?’’ बारीक अक्षरांत निघाले, ४ ओहमला ३०० वॅट. दुकानदार हे आपणहून थोडेच सांगतो!

प्रत्येक वूफर ४ ओहम, २५० वॅटचा. दोन्ही समांतर जोडले की भार २ ओहम; तो पेलून सलग ५०० वॅट देणारा अॅम्प्लिफायर दुपटीने महाग. कमी ताकदीचा रेटून वाजवला, तर आवाज फाटतो, कॉइलही जळते.

शेवटी तोच घेतला, एकाच वूफरपुरता. वाचलेल्या पैशांत तांब्याची जाड तार आणि बॅटरीलगतचा फ्यूज. तार घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून.

दुसरा वूफर पलंगाखाली आहे. मुलगा अजून घुश्श्यात.