पेटीचा शोध

अमेरिकेत जुने सामान घ्यायचे म्हटले की क्रेग्जलिस्ट आलीच. १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्कने मित्रांसाठी ई-मेलची यादी सुरू केली, तिचीच पुढे साइट झाली. २००० साली ती बॉस्टनला पोचली, मग गावोगावी. गंमत म्हणजे प्रत्येक शहराचे पान वेगळे! सोफा काही पोस्टाने येत नाही, समोरासमोर जाऊन उचलायचा, हा साधा हिशोब.

मला हवी होती पेटी. बाबा सहा महिन्यांसाठी येणार होते, आणि पेटीवाचून त्यांचा दिवस उगवत नाही. मग तीन तासांच्या ड्राइव्हमधल्या प्रत्येक शहरासाठी वेगळे शोधपान करून ठेवले. शोधाचा शब्द पानाच्या पत्त्यातच असतो, त्यामुळे बुकमार्क केले की झाले. पण शब्द तरी एक कुठे? कोणी 'हार्मोनियम' लिहितो, कोणी त्याचे स्पेलिंग चुकवतो, तर कोणी चक्क 'अकॉर्डियन' म्हणतो. प्रत्येकाचे पान निराळे.

शेवटी 'अकॉर्डियन'नेच हात दिला. हे वाद्य नेमके काय, हे विकणाऱ्या बाईंना ठाऊकच नव्हते, म्हणून आमच्या लोकांच्या नजरेतून ती पेटी सुटली होती.

आता रोज सकाळी घरात भैरव. शेजाऱ्यांची तक्रार अजून तरी आलेली नाही!