देवचार कुणाचा?

मालवणच्या किनाऱ्यावर कॅथलिक घरात वाढलेल्या पोराला एक शब्द दोनदा शिकावा लागतो. देवचार. संध्याकाळी घरात तेर्स सुरू झाली, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, की आजीच्या कोकणीत देवचार म्हणजे सैतान. त्याच्यापासून सोडव म्हणून आम्ही रोज गुडघे टेकायचो. सकाळी शाळेत गेलं की बाकावरची मैत्रीण सांगायची, काल पावसात बाबांची वाट चुकली, तर देवचाराने हातात काठी घेऊन त्यांना घरापर्यंत आणून सोडलं. माझ्या अंगावर काटा. ज्याच्या भीतीने आम्ही डोक्यावरून चादर ओढून झोपतो, तो हिच्या बाबांना घरी सोडतो?

तिच्या घरचा देवचार म्हणजे गावाच्या सीमेवरचा राखणदार. घोंगडी पांघरून रात्रीचा फिरतो. त्याला नारळ, विडी, कुठे कुठे कोंबडा. आणि वहाणा. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाच्या देवळात गेलात तर माणसाच्या पायाला कधीच बसणार नाहीत एवढ्या मोठ्या चामडी वहाणा वाहिलेल्या दिसतील. वेतोबा रात्री गावभर फिरून राखण करतो, म्हणून त्यांचे तळ झिजतात असं लोक सांगतात.

हे सगळं आठवायचं कारण माझी मावसबहीण. ती नालासोपाऱ्याला राहते. तीन वर्षांपूर्वी केरळातल्या एका रिट्रीटला जाऊन आली आणि बदलली. बदलली ते चांगल्यासाठी, हे आधी सांगते. तिच्या नवऱ्याची दारू सुटली, तिच्या चेहऱ्यावरचा वर्षानुवर्षांचा ताण गेला. माझा विश्वास मी कुणापासून शिकले असं कुणी विचारलं तर आजीनंतर तिचंच नाव घ्यावं लागेल. पण तिच्याबरोबर आमच्या घरात एक नवा शब्द आला: आत्मिक युद्ध. मग व्हॉइस नोट, यूट्यूबच्या लिंक, पहाटे तीनच्या प्रार्थनेचे मेसेज. या शिकवणीचं सार असं की प्रत्येक गावावर एका दुष्ट आत्म्याची सत्ता असते. तो कोण ते शोधायचं, गावाच्या हद्दीवरून चालत प्रार्थना करायची, त्याला बांधायचं आणि मग लोकांना येशूबद्दल सांगायचं. साक्ष देणं हा त्या लढाईतला शेवटचा हल्ला.

हे विचार कुठून आले ते मी शोधत बसले. 1990च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत सी. पीटर वॅग्नर नावाचे प्राध्यापक होते. प्रदेशांवर राज्य करणारे आत्मे ही कल्पना त्यांनी आणि त्यांच्या वर्तुळाने जगभर नेली. आधार मुख्यतः दानीएलाच्या पुस्तकातल्या दहाव्या अध्यायाचा, जिथे पारसाचा अधिपती एका देवदूताला एकवीस दिवस अडवून धरतो. त्याच सुमारास लुईस बुश यांनी जगाच्या नकाशावर एक चौकोन आखला, 10 ते 40 अंश उत्तर अक्षांशांमधला. ही म्हणे युद्धाची मुख्य आघाडी. मालवण 16 अंशांवर आहे. म्हणजे आमचं तुळशीवृंदावन, आमची सुक्या बांगड्यांची वाळवणं आणि गल्लीतलं क्रिकेट, सगळं आघाडीवर.

गंमत अशी, की प्रत्येक सीमेला तिचा तिचा आत्मा असतो हे वॅग्नरसाहेबांना जेवढं पटलं होतं तेवढंच आमच्या गावऱ्हाटीच्या मानकऱ्यांनाही पटलेलं आहे. वाद फक्त त्याला वहाणा द्यायच्या की हाकलून द्यायचं एवढाच.

आणि हाकलण्याचा प्रयोग आमच्या शेजारी आधी एकदा होऊन गेलाय. पोर्तुगीजांनी 1510मध्ये गोवा घेतला. 1560च्या दशकात साष्टी आणि बारदेशातली देवळं पाडली गेली, लोक रातोरात आपले देव उचलून नदीपलीकडे गेले. 1560 ते 1812 तिथे इन्क्विझिशन होतं, मधली काही वर्षं सोडली तर. 1736 सालच्या त्याच्या एका फर्मानात नव्या ख्रिस्ती लोकांनी अंगणात तुळस ठेवू नये, धोतर-चोळी नेसू नये, असल्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. सैतान त्यांना तुळशीत दिसत होता. गावाचा राखणदार कॅथलिक प्रार्थनेत सैतान होऊन बसला तो त्याच काळाच्या वाऱ्याने. सिंधुदुर्गातली आमची बरीच कॅथलिक कुटुंबं ही गोव्यातून वर सरकलेली. ज्या धर्मसत्तेने देवचाराला सैतान ठरवलं, तिच्या हद्दीतून बाहेर पडून आमचे पूर्वज सावंतवाडी संस्थानात आले आणि देवचारांच्या राखणीत सुखाने राहिले. आज इथे आमचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे, 2005पासून, मुख्यालय सावंतवाडीला.

तरीही मी सगळे देव सारखेच असं म्हणणाऱ्यांतली नाही. मालवणात हे वाक्य फार चालतं, सौजन्य म्हणून मीही मान हलवते, पण ते माझं मत नाही. येशू मरणातून उठला असं मी मानते. देवचाराला मी नारळ ठेवत नाही. आणि जे मला मिळालंय ते दुसऱ्याला सांगावंसं वाटतं, हेही खरं. चांगला डॉक्टर सापडला तर आपण सांगतो, चांगला सिनेमा पाहिला तर स्टेटस ठेवतो, मग हे एकच मनात का ठेवायचं? घटनेचं कलम 25 धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देतं. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादाही सांगितली: आपली तत्त्वं समजावून सांगता येतील, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. मला ही मर्यादा काचत नाही. माणसाला देवाकडे वळवणं माझ्या हातात आहे असं माझा धर्मही सांगत नाही.

आता गेल्या वर्षाची गोष्ट.

आमच्या शेजारच्या काकीचा मुलगा ट्रॉलरवर खलाशी. 1 जूनला मासेमारी बंदी लागते, त्याच्या आधीच्या शेवटच्या फेरीत त्याच्या डोळ्यांदेखत बरोबरचा एक जण समुद्रात पडला. मिळालाच नाही. घरी आल्यापासून हा झोपेना. पाण्याकडे पाठ करून बसायचा. रात्री ओरडत उठायचा आणि काकी त्याच्या तोंडावर हात ठेवून बसायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पण आम्हाला ऐकू यायचं.

काकीने देवळात कौल लावला. मग कुणीतरी लांबच्या गावातला एक देवस्की करणारा सुचवला. त्याने तांदूळ पाहिले आणि सांगितलं, तुमच्या उगवतीच्या घरातून झालंय. उगवतीला घर एकच. तिथे एकटी विधवा बाई राहते, सुके मासे विकते. दुसऱ्या दिवसापासून त्या बाईकडून कुणी सुंगटंही घेईना.

त्याच आठवड्यात मावसबहीण सुट्टीला आली. तिला राहवलं नाही. ती प्रेमानेच काकीकडे गेली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि निघताना सांगून आली: मागच्या परड्यातला देवचाराचा दगड काढल्याशिवाय पोरगा सुटायचा नाही.

काकी संध्याकाळी माझ्याकडे आली. म्हणाली, “बाय, तो आमचो राखणदार. तो कोणाचा वायट करणा नाय. पण दगड काढलंय तर तो रागावतलो, आणि नाय काढलंय तर तुझो येशू रागावतलो. मी करू काय?”

आधी तिला करणीची भीती होतीच. त्यात आता येशूच्या रागाचीही भर पडली, आणि ती आमच्या घरातून गेली होती.

त्या रात्री मी पौलाचं इफिसकरांना लिहिलेलं पत्र काढून बसले. आत्मिक युद्धवाल्यांचा सगळा भर त्याच्या सहाव्या अध्यायावर. परंपरा सांगते की ते पत्र कैदेत लिहिलं. समोर पहाऱ्याला रोमन शिपाई असणार. त्याच्या अंगावरचा एकेक जिन्नस पौल उचलतो: कंबरपट्टा, चिलखत, ढाल, शिरस्त्राण, तलवार. पण सुरुवातीलाच तो बजावतो की ही झुंज हाडामांसाच्या माणसांशी नाही. म्हणजे उगवतीच्या घरातली बाई शत्रूंच्या यादीत बसतच नाही. आणि सुवार्ता सांगण्याची तयारी त्याने तलवारीला जोडलेली नाही, ती पायातल्या वहाणांना जोडली आहे. सुवार्ताही कसली, तर शांतीची. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण वेतोबाच्या वहाणा पाहिलेल्या माणसाला ते वाचताना जरा थांबावंच लागतं. राखण करायची तर चालायला हवं, एवढं दोन्हीकडे ठाऊक आहे.

पुष्कळदा वाटतं, आमच्या कोकणाला याचा चांगला नमुना घरचाच मिळाला होता. नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते ख्रिस्ताबद्दल बोलले ते अभंगांतून आणि कीर्तनांतून. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मानायचे. 1917मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. पण त्यांच्या साक्षीची खरी परीक्षा बाहेर नव्हती, घरात होती. लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने आभाळ कोसळलं. काही काळ नवरा-बायको वेगळे राहिले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ अजून कुणी वाचलं नसेल तर वाचा. धर्मांतरावर त्याच्याइतकं हसवणारं पुस्तक मराठीत दुसरं नसेल, आणि त्याच्याइतकं रडवणारंही.

दुसरा नमुना वेंगुर्ल्याचा. तिथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने दवाखाना चालवला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि भारतातले अमेरिकेचे राजदूत झालेले रॉबर्ट गोहीन 1919 साली वेंगुर्ल्यातच जन्मले, त्यांचे वडील तिथे मिशनरी डॉक्टर होते.

दुसऱ्या दिवशी मी काकीकडे गेले. तिच्या ओटीवर बसून मालवणीत प्रार्थना केली, मोठ्याने, तिला कळेल अशी. मुलाला झोप लागू दे म्हटलं. समुद्रात गेलेल्या त्या पोराचं नाव घेतलं. घरात त्याचं नाव घ्यायची कुणाची हिंमत नव्हती. मुलगा पहिल्यांदा रडला. मग काकीने विचारलं, तुझो येशू काय म्हणता? मी सांगितलं, ज्याने स्वतःला मारणाऱ्यांना माफ केलं तो दगडासाठी पोराला अडवून ठेवणार नाही. दगडाचं काय करायचं ते तू आणि तुझा घो ठरवा. पण भिया नको. आणि उगवतीच्या बाईने काही केलेलं नाही. ही माझी साक्ष, एवढीच.

मग आम्ही मुलाला ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेलं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं. अशा आघातानंतर असं होतं, याला नाव आहे, औषध आहे, वेळ लागेल.

मावसबहिणीशी माझं फोनवर भांडण झालं. तिचं म्हणणं, तू अर्धंच सांगितलंस, सैतानाचं नाव घ्यायला घाबरलीस. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं 1172वं कलम: बिशपच्या खास परवानगीशिवाय भूतबाधा उतरवण्याचा विधी कुणीही करायचा नाही, आणि परवानगी मिळाली तरी ती धर्मगुरूलाच. दोन, महाराष्ट्राचा 2013चा जादूटोणाविरोधी कायदा. दाभोलकरांच्या खुनानंतर तो आला. अमुक व्यक्ती करणी करते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्याखाली गुन्हा आहे. ती म्हणाली, मी कुठे त्या बाईचं नाव घेतलं? खरंय, तिने नाही घेतलं. पण ज्या भीतीवर त्या देवस्कीवाल्याचा धंदा चालतो, त्याच भीतीला ती हात घालून आली होती. सैतान आहे असं मीही मानते. आमच्या गल्लीत तो त्या आठवड्यात नक्की कुठे होता, यावर आमचं एकमत नाही. मला तो न विकल्या गेलेल्या सुंगटांच्या टोपलीपाशी दिसला.

दरम्यान गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की काही लोक आजाऱ्यांना गाठून बाटवताहेत. नाव नव्हतं, पण रोख कळण्याजोगा होता. दोन दिवस मी बाहेर पडताना गळ्यातला क्रूस आत सरकवत होते. त्या मेसेजखाली काकीच्या घोवाने, जो देवळाचा मानकरी आहे, एवढंच लिहिलं: माझ्या झिलाक ओरोसाक कोण घेवन गेला ता माका म्हायत आसा. पुढे कुणी काही बोललं नाही.

मुलगा अजून गोळ्या घेतो. झोपतो. बोटीवर गेलेला नाही, जेटीपर्यंत जातो. परड्यातला दगड जागेवर आहे, त्याच्यासमोर अमावास्येला नारळ फुटतो. काकी कधी कधी माझ्याबरोबर तेर्सला बसते, माळ हातात न घेता. मावसबहीण तिच्यासाठी रोज प्रार्थना करते, आणि त्या प्रार्थनेची किंमत मला आहे.

राहिली ती उगवतीची बाई. काकीचा राग गेला, संशय पुरता गेला नाही. गेल्या नाताळात मी नेवऱ्यांचं ताट भरलं आणि काकीला म्हटलं, चल, हिच्याकडे देऊन येऊ. ती पदर सावरत निघाली. दोन्ही घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, कंबरेएवढा. तिथपर्यंत ती आली. मी पुढे होऊन ताट दिलं, बाईने ते घेतलं आणि माझ्या खांद्यावरून गडग्याकडे बघत विचारलं, “झिलाक बरा वाटता मां?”

काकीने मान हलवली.