मामाची टाकी आणि मुळशीचं पाणी

इलेक्ट्रिकलला ॲडमिशन घेतली की नातेवाईकांच्या लेखी आपण वायरमन होतो. कुणाचा मिक्सर, कुणाचा इन्व्हर्टर, आणि गणपतीत मखराच्या माळा तर आपल्या हक्काच्याच! पण मागच्या वर्षी माझ्या मामाने जो प्रश्न टाकला, तो आमच्या कुठल्याच पेपरात आलेला नाही. "माशांच्या टाकीला मेटल हॅलाइड लावू की एलईडी?"

मामा पिरंगुटला राहतो, तिथल्याच एका कारखान्यात कामाला आहे. होस्टेलच्या मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी, त्यामुळे मामीच्या हातच्या भाकरीसाठी माझी तिथे चक्कर ठरलेली. त्यांच्या हॉलमध्ये २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात दोन क्लाऊनफिश (सिनेमातला 'निमो' तो हाच) आणि दगडांवर पसरलेले मऊ प्रवाळ. ओळखीतल्या एकाने आपली टाकी मोडली आणि २५० वॉटचा मेटल हॅलाइड दिवा बॅलास्टसकट मामाला जवळजवळ फुकटात देऊ केला. मामा हरखून गेला. मामी मात्र म्हणाली, "आधी बिल किती येईल ते भाच्याकडून लिहून घ्या."

आता तुम्ही विचाराल, माशांना एवढा दिवा कशाला? तर तो माशांना नसतो, प्रवाळांना असतो. प्रवाळ म्हणजे प्राणी, पण त्याच्या पेशींत अतिसूक्ष्म शैवाल राहतं. ते शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा देतं. ऊन नाही तर भाडं नाही, आणि भाडं नाही तर मालक उपाशी! म्हणून खोलीत सूर्य आणावा लागतो.

मेटल हॅलाइड हा खरंच छोटा सूर्य आहे. क्वार्ट्झच्या नळीत पारा आणि धातूंचे क्षार, त्यांच्या वाफेतून पेटणारा आर्क. डे-नाईट मॅचच्या मैदानावर वर्षानुवर्षे याच जातीचे दिवे होते. आम्ही तो स्टुलावर चढून टाकीवर टांगला आणि चालू केला. पहिली दोनतीन मिनिटं नुसता मरगळलेला उजेड. मग हळूहळू असा काही फुलला, की सगळे गप्प! प्रकाश एकाच बिंदूतून येतो, म्हणून पाण्यावरची प्रत्येक लाट तळाच्या वाळूवर चमचम करत धावत होती. मालवणला उथळ समुद्रात डोकं बुडवून पाहिलं तर दिसतं, अगदी तसंच. मामा म्हणाला, "बास! हाच."

तेवढ्यात लाईट गेली. जुलैचा महिना आणि मुळशीचा पाऊस, तुम्हाला सांगायला नकोच. क्षणभरात परत आली. पंखा फिरला, टीव्ही लागला, पण दिवा काही लागेना. बिघडला नव्हता, तो त्याचा स्वभाव आहे. तापलेल्या नळीत वाफेचा दाब इतका असतो, की साध्या इग्निटरने आर्क पेटत नाही. निवेपर्यंत थांबावं लागतं. आम्ही घड्याळ लावून बसलो, चौदा मिनिटं! पावसाळ्यात दिवसातून दहा वेळा वीज डोळे मिचकावते तिथे हा सूर्य ग्रहणातच जाणार. एलईडीला ही भानगड नाही, वीज आली की प्रकाश आला.

दुसरी गोष्ट उष्णतेची. बॅलास्टचा खप धरला तर दिवा २८० वॉटच्या आसपास खातो, आणि त्यातला बराचसा भाग उष्णता होऊन टाकीवर उतरतो. प्रवाळांना २५-२७ अंश मानवतं. पाणी तिशीच्या वर राहिलं की ते आपल्या भाडेकरूला हाकलतात आणि पांढरेफटक पडतात. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपला हेच झालं. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात दिवा तापवणार आणि चिलर थंड करणार, मीटर मात्र दोघांसाठी पळणार!

पण खरा निकाल लावला तो तिसऱ्या मुद्द्याने. मेटल हॅलाइडची खरी गरज असते ती प्रखर उन्हातल्या कठीण प्रवाळांना. आणि आपल्याकडे सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत! ते घरात पाळायचेच नाहीत. मामाकडचे मऊ प्रवाळ कमी उजेडावर खुशाल जगतात. त्यांना ८० वॉटची एलईडी पुरते. मग ज्याच्यासाठी तोफ आणायची तो शत्रूच रणांगणात नाही की!

मामीला बिल लिहून द्यायचं होतंच. रोज आठ तास धरले तर मेटल हॅलाइड सव्वादोन युनिट, एलईडी दोन तृतीयांश युनिटपेक्षाही कमी. महिन्याला ६७ विरुद्ध १९. मामी म्हणाली, "युनिट म्हणजे काय ते मला कळत नाही, पाण्यात सांग." तिचं माहेर मुळशी खोऱ्यातलं. पणजोबांचं गाव धरणात गेलेलं. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली याच धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच. १९२७ पासून ते पाणी बोगद्यातून खाली कोकणात भिऱ्याला पडतं आणि वीज मुंबईला जाते.

मग मी तिथेच वहीत मांडलं. उंची सुमारे ५०० मीटर, कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर एक हजार लिटर पाणी पडून मिळते जेमतेम १.१६ युनिट. म्हणजे मेटल हॅलाइडला रोज सुमारे १९०० लिटर पाणी, एलईडीला साडेपाचशे. आपल्या प्लगमध्ये भिऱ्याचीच वीज येते असं नाही, पण मापासाठी हा हिशेब चोख आहे. २०० लिटरच्या टाकीवर आठ तास ऊन पाडायला जवळजवळ दहा टाक्या पाणी डोंगरावरून खाली सोडायचं!

मामीने आकडा दोनदा वाचला. म्हणाली, "आमची शेतं बुडली तेव्हा कुणी असं वहीत मांडून दाखवलं नव्हतं." मग उठून भाकऱ्या टाकायला गेली. मामाने काही न बोलता स्टूल ओढलं आणि दिवा उतरवायला घेतला.

टाकीवर आता एलईडी आहे. वाळूवरची चमचम थोडी कमी झाली, असं मामा अजून म्हणतो, आणि ते खोटं नाही. उतरवलेला दिवा आमच्या लॅबमध्ये आला आहे, ज्युनियर्स त्यावर रिस्ट्राइक टाइम मोजतात.

दिव्याच्या खोक्यावर वॉट, ल्युमेन, केल्विन सगळं छापलेलं असतं. वीज कुठून येते आणि कुणाचं काय बुडवून येते, हा रकाना मात्र कुठेच नसतो. तो आपल्यालाच भरावा लागतो. आपण तर पावसाळ्यात ताम्हिणीला जाताना त्याच पाण्याच्या काठाने जातो, बाईक थांबवून फोटो काढतो. पुढच्या वेळी थांबाल तेव्हा एवढंच आठवा, की त्या निळ्या पाण्याखाली कुणाच्या तरी पणजोबांचं अंगण आहे. आणि रात्री व्हरांड्यात कुणी नसताना पेटलेली ट्यूब दिसली, तर रेक्टर सरांची वाट न पाहता बटण तेवढं बंद करा. पटतंय का बघा!