पाण्याखालचे आखर

भंडारा व नागपूर जिल्ह्यांच्या सीमेवरील अंभोरा येथे कन्हान, आम आदी नद्या वैनगंगेस मिळतात. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे इसवी सन 1188 साली, ‘विवेकसिंधु’ येथेच रचला, अशी एक परंपरा आहे. 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचे पाणी आता येथवर पसरले असून काही टेकड्यांची बेटेच झाली आहेत.

नाताळच्या सुटीत आम्ही धर्मग्रामातील तरुणांसह दिवसभर डोंग्यातून या बेटांमध्ये हिंडलो. पाण्यावरून चैतन्येश्वराची टेकडी फारच रम्य दिसते. तरुण मंडळी छायाचित्रांत दंग होती. इतक्यात मोकळ्या पाण्यावर नावाड्याने एकाएकी डोंगा वळविला. कारण विचारता तो म्हणाला, “फादर, खाली चिंच उभी आहे. आपण आमच्या आखरावरून चाललो आता.”

आखर, म्हणजे सकाळी गावची गुरे जमतात ती जागा. मग वल्ह्याने तो दाखवू लागला : इकडे धानाच्या बांध्या, तिकडे शाळा. आम्हांला सर्वत्र पाणीच दिसत होते.

या पाण्यावर कालव्याकाठची शेते पिकतात, ही ईश्वराची कृपाच होय. परंतु ते कोणाच्या अंगणावर साठले आहे, हे विसरून केलेली उपकारस्तुती अपुरी ठरेल. म्हणून यंदा सुगीच्या मिस्साबलिदानात बुडीत गावांची नावे एकेक करून उच्चारण्याचे आम्ही ठरविले आहे. ती नावे नावाड्याकडूनच लिहून घेतली आहेत.