तरंगंबाडी: वेशीपासून समुद्रापर्यंत

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कारैक्कालच्या उत्तरेला पंधराएक किलोमीटरवर तरंगंबाडी आहे. १६२० ते १८४५ अशी सव्वादोनशे वर्षे हे गाव डेन्मार्कचे होते आणि युरोपातल्या कागदपत्रांत ट्रँकेबार या नावाने ओळखले जात होते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले हे गाव आज मयिलाडुतुरै जिल्ह्यात मोडते. जुना भाग इतका आटोपशीर आहे की पश्चिमेच्या वेशीतून शिरून सरळ चालले तर दहा मिनिटांत समुद्र लागतो. तरीही पाहणाऱ्याने अर्धा दिवस हाताशी ठेवावा आणि ऊन चढण्याआधी निघावे.

वेशीचा पांढरा दरवाजा १७९२ मध्ये, गव्हर्नर पीटर आंकर यांच्या काळात, पुन्हा बांधला गेला. त्याच्या दोन्ही बाजूंचा तट आता जवळपास नाहीसा झाला आहे. हा तट उभा राहण्यामागची हकीकत मात्र विलक्षण आहे. १६४२ नंतर डेन्मार्कमधून एकही जहाज इकडे फिरकले नाही. मायदेशी युद्धे चालली होती, डॅनिश व्यापारी कंपनीचे दिवाळे निघाले होते आणि इथली माणसे एकामागून एक दगावत होती. अखेर एस्किल कोंग्सबाके नावाचा एकच डॅनिश माणूस उरला. स्थानिक लोकांच्या साथीने त्याने वसाहत राखली आणि गावाभोवती तटही घालून घेतला. १६६९ मध्ये पुढचे जहाज आले, तेव्हा किल्ल्यावर डेन्मार्कचे निशाण फडकत होते. पुढे १६९९ मध्ये तंजावरच्या मराठी फौजेने गावाला वेढा दिला, तेव्हा डॅनिशांना इंग्रजांची मदत घ्यावी लागली. तंजावरच्या गादीवर त्या वेळी व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे होते.

वेशीतून निघणारा मुख्य रस्ता म्हणजे किंग स्ट्रीट. दुतर्फा जाड भिंतींची, खांबांच्या ओसरीची घरे आहेत. काहींची डागडुजी झाली आहे, काहींत शाळा आणि धार्मिक संस्था आहेत. याच रस्त्यावर, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर, दोन चर्चे आहेत. झायन चर्च १७०१ चे. ते वसाहतीतल्या युरोपीय लोकांसाठी होते. दुसरे, १७१८ चे न्यू जेरुसलेम चर्च, मिशनऱ्यांनी तमिळ ख्रिस्ती मंडळींसाठी बांधले. गावात थांबायला एकच जागा निवडायची असेल, तर ती ही.

या चर्चच्या आत बार्थोलोमेउस त्सीगनबाल्ग यांची कबर आहे. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले दोन जर्मन धर्मोपदेशक, त्सीगनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्यूत्शाउ, ९ जुलै १७०६ रोजी या किनाऱ्यावर उतरले. त्सीगनबाल्ग तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. गावातल्या पंतोजींच्या शाळेत लहान मुलांबरोबर बसून, वाळूत अक्षरे गिरवत ते तमिळ शिकले. ताडपत्रांवरच्या तमिळ ग्रंथांचा त्यांनी संग्रह केला आणि त्यांची वर्णनात्मक यादी तयार केली. दक्षिण भारतातल्या देवदेवतांवर त्यांनी लिहिलेला मोठा ग्रंथ १७१३ मध्ये पुरा झाला. परंतु मूर्तिपूजा मोडायला गेलेल्यांनी तिची माहिती पसरवू नये, अशी जर्मनीतल्या वरिष्ठांची भूमिका होती. त्यामुळे तो ग्रंथ १८६७ पर्यंत छापलाच गेला नाही. धर्मप्रसारासाठी आलेल्या या माणसाने समोरच्या लोकांचे ग्रंथ इतक्या आस्थेने वाचले, म्हणूनच तरंगंबाडीच्या इतिहासात गव्हर्नरांपेक्षा त्यांचे स्थान मोठे आहे.

त्यांच्या कामाचा दुसरा भाग छापखान्याचा. तमिळ अक्षरे छापण्याचा प्रयोग पोर्तुगीजांच्या काळात, १५७८ मध्ये, कोल्लमला झाला होता, पण ती परंपरा पुढे खंडित झाली. तरंगंबाडीला इंग्लंडमधून छपाईयंत्र आले आणि जर्मनीतल्या हाल्ले शहरातून तमिळ खिळे आले. खिळे आकाराने मोठे आणि कागदाचा तुटवडा, म्हणून लहान खिळे इथेच ओतले गेले. १७१४-१५ मध्ये तमिळ नवा करार छापून झाला. जवळच्या पोरैयारला कागदाचा कारखानाही सुरू करण्यात आला. त्सीगनबाल्ग २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इथेच वारले. त्यांच्या राहत्या घरात आता संग्रहालय आहे.

मराठी वाचकाला या छापखान्याशी जोडणारे धागे दोन आहेत. पहिला तंजावरचा. ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ हा मिशनरी १७५० मध्ये तरंगंबाडीला आला आणि पुढे तंजावरला स्थायिक झाला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या शिक्षणाची काळजी त्यानेच वाहिली. त्याच्या निधनानंतर राजांनी इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतलेले संगमरवरी स्मारकशिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. या राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, तसा देवनागरी छापखानाही काढला, आणि त्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर छापले. दुसरा धागा बंगालचा. इंग्रज कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी हुगळीकाठच्या सेरामपूर या डॅनिश वसाहतीत राहिले. तिथल्याच छापखान्यातून केरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बाहेर पडले. मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना मुंबईकडे लगेच लक्ष जाते, आणि या दोन गावांची आठवण क्वचितच निघते.

रस्ता संपतो तिथे मोकळे मैदान आहे. एका बाजूला गव्हर्नरांचा दुरुस्त केलेला बंगला, समोर डान्सबोर्ग किल्ला, आणि पलीकडे समुद्र. किल्ल्याची सुरुवात फसलेल्या सफरीतून झाली. १६१८ मध्ये ओव्हे ग्येद्दे याच्या हाताखाली निघालेल्या डॅनिश आरमाराला खरे तर श्रीलंकेला जायचे होते. तिथे काही जमले नाही. त्याआधी याच मोहिमेतल्या रोलंड क्रापे याचे जहाज पोर्तुगीजांनी बुडवले होते, आणि क्रापे वाचून तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या दरबारी पोहोचला होता. त्याच ओळखीतून १६२० चा तह झाला. वार्षिक खंडाच्या बदल्यात डॅनिशांना जागा, व्यापाराची मुभा आणि किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर लिहून पाठवलेले पत्र कोपनहेगनच्या अभिलेखागारात जपलेले आहे.

किल्ला दोन मजली आहे. खालच्या कमानदार खोल्यांत कोठारे, सैनिकांची जागा आणि तुरुंग होता. वर अधिकाऱ्यांची घरे आणि प्रार्थनेची जागा. स्थानिक गव्हर्नराशी बिनसल्यामुळे त्सीगनबाल्ग यांनाही १७०८-०९ मध्ये चार महिने इथेच कोंडून ठेवले होते. वरच्या छतावरचे छोटे घुमट दुरूनही ओळखू येतात. आतले संग्रहालय लहान आहे, पण तहाच्या कागदाची प्रत, चिनी मातीची भांडी आणि जुनी नाणी पाहण्याजोगी आहेत. मिरी आणि पुढे सुती कापड हा इथला मुख्य व्यापार. तो फार काळ भरभराटीत राहिला नाही, आणि १८४५ मध्ये तरंगंबाडी व सेरामपूर या दोन्ही वसाहती साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या कंपनीला विकल्या गेल्या. काही वर्षे जिल्ह्याचा इंग्रज कलेक्टर इथे राहत होता. नंतर रेल्वे नागपट्टिनमला आली, आणि जहाजे तिकडे वळली.

किल्ल्याच्या उत्तरेला, किनाऱ्याने थोडे चालत गेले की मासिलामणिनाथाचे शिवमंदिर येते. पांड्य राजा मारवर्मन कुलशेखर याच्या कारकिर्दीत, १३०६ मध्ये, ते बांधले गेले. म्हणजे डॅनिश येण्याच्या तीनशे वर्षे आधी. त्याचा समुद्राकडचा भाग लाटांनी कधीच गिळला. उरलेल्या भागाच्या संरक्षणासाठी दगडांची रास घातली आहे. पूर्वेकडून सरकणारा समुद्र हे या गावाचे जुने दुखणे आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तत्कालीन नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली, आणि तरंगंबाडीतल्या मच्छीमारांच्या वस्तीवर मोठा घाला पडला.

परतताना किंग स्ट्रीट सोडून गोल्डस्मिथ स्ट्रीटने यावे. इथे युरोपीय बंगले नाहीत. कौलारू, बुटकी तमिळ घरे आहेत, दारापुढे ओटा आणि त्यावर लाकडी खांबांचा आधार. त्सुनामीनंतर वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेने डॅनिश संस्थेच्या मदतीने यातली अनेक घरे दुरुस्त केली. किल्ला आणि चर्चे पाहून परतणारे पर्यटक या गल्लीत सहसा शिरत नाहीत. वास्तविक, डॅनिश गाव ज्या तमिळ गावाच्या आधाराने उभे होते, ते इथेच दिसते.