आडोसा

माशाला पापण्या नसतात, ही गोष्ट मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कळली. तोवर मासा म्हणजे रविवारच्या कालवणातला. त्याच्या डोळ्यांकडे बघतंय कोण? पण गेल्या जूनपासून संध्याकाळी पाच ते आठ मी एका दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. नंबर लावणे, केसपेपर काढणे, फरशी पुसणे आणि बाहेरच्या खोलीतली माशांची पेटी सांभाळणे ही माझी कामं. त्यातून कॉलेजची फी सुटते.

पेटी अडीच फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. खोलीच्या मधोमध, चारही बाजूंनी उघडी. तळाला लाल-निळी खडी, बुडबुडे सोडणारा एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या, आणि वर सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत जळणारी ट्यूब. एवढ्या थाटात राहायला मासा मात्र एकच. एंजल! पाच रुपयांच्या नाण्याएवढं चपटं रुपेरी अंग आणि त्यावर उभे काळे पट्टे. डॉक्टरांनी हौसेनं आणलेला, पण दिसेल तर शपथ. फिल्टरच्या नळीमागे पर मिटून उभा असायचा. टाकलेलं खाणं तळाशी कुजायचं. पोरं काचेवर टकटक करायची आणि तो बिचारा समोरच्या काचेवर जाऊन आपटायचा.

"पंधरा दिवस बघ," डॉक्टर मला म्हणाले. "नाही सुधारला तर दुकानात परत देऊन टाकू. लोकांनी बघावं म्हणून आणलाय, लपून बसायला नाही."

हे वाक्य मला नवं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पहिलं वर्ष मी खांबाआडच्या बाकावर काढलं. सरांनी आणि मॅडमनी रागावू नये, पण "अरे बोल ना, तोंड आहे ना तुला?" असं सगळ्या वर्गादेखत विचारणं आणि काचेवर टकटक करणं यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही मायेपोटीच होतं, हेही खरं. मला बोलतं केलं ते ग्रंथालयानं. तिथं मला कुणी काही विचारलं नाही, नुसतं नव्या पुस्तकांवर शिक्के मारायला बसवलं. कपाटांच्या आडोशाला बसून शिक्के मारता मारता मी या कॉलेजात पहिल्यांदा मोठ्यानं हसलो.

तेव्हा परत द्यायचा तर देऊ, पण आधी हा घाबरतो कशाला ते तरी बघू, असं ठरवलं. रंगीत माशांच्या दुकानात जाऊन बसलो, मिळेल ते वाचलं. एंजल मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या संथ पाण्यात बुडालेल्या फांद्या आणि उंच पाणगवत असतं, त्यांच्या उभ्या सावल्यांत हे पट्टे मिसळून जातात. म्हणजे ज्याला आपण शोभा म्हणतो ते त्याचं लपण्याचं पांघरूण! आणि आम्ही त्याला लाल-निळ्या खडीवर, ट्यूबच्या झोतात, चव्हाट्यावर उभं केलेलं. पापण्या नाहीत, त्यामुळे दिवा एकदम लागला तर डोळे मिटून घ्यायचीही सोय नाही. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्यातली हालचाल न् थरथर कळते. काचेवरची टिचकी त्याला नुसती ऐकू येत नाही, अंगभर लागते.

शंभर लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे क्विंटलभर वजन. पेटी भिंतीला सरकवणं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून मागच्या आणि दोन्ही कडेच्या काचांना बाहेरून काळा कागद चिकटवला. पाणबुड्याला निवृत्त केलं. खडी काढून धुतलेली काळसर वाळू घातली. दुकानातून पट्टीसारख्या लांब पानांचं वॅलिसनेरिया आणून एका कोपऱ्यात दाट लावलं. आपल्या कट्ट्यामागच्या देशी बदामाची गळलेली, वाळलेली पानं धुऊन दोन-तीन पाण्यात सोडली. त्यांनी पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो, उजेड मवाळ होतो. (कट्ट्यावरच्या मित्रांनी यावरून माझी जी टिंगल केली ती छापण्याजोगी नाही.) सकाळी येणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं, आधी खोलीचा दिवा लावायचा, पेटीचा दहा मिनिटांनी. रात्री मी उलट करतो, पेटीचा आधी मालवतो.

राहिला दवाखान्याचा कॉम्प्रेसर. तो आतल्या खोलीत सुरू झाला की फरशी थरथरायची, पेटीतल्या पाण्यावर वळ्या उठायच्या. आमचे आप्पा मार्केट यार्डात हमाल आहेत. त्यांना म्हटलं, जुनं बारदान मिळेल का? त्यांनी चार पोती आणून दिली. डॉक्टरांना विचारून त्यांची जाड घडी कॉम्प्रेसरखाली सारली. थरथर पुष्कळ उतरली. दार धाडकन आपटायचं, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकला.

आठव्या दिवशी दुकानदाराच्या सांगण्यावरून सहा झेब्रा मासे आणले. हे आपल्याच देशातल्या ओढ्यांतले, बोटाच्या दोन पेरांएवढे, पण भारी धीट. ते मोकळेपणी हिंडताना दिसले की बुजऱ्या माशाला वाटतं, धोका नसावा. त्यांचा दुसरा उपयोग माझा मला सापडला. 'काचेला हात लावू नये' अशी पाटी होतीच, ती वाचून पोरं आणखी टिचक्या मारायची. मी पोरांना म्हणू लागलो, "पट्ट्यावाले किती आहेत, मोजून सांगा बरं." सहा झेब्रे धावताना मोजणं सोपं नाही. कुणी पाच म्हणतं, कुणी आठ. भांडणं होतात, पण हात गुडघ्यांवर राहतात.

दहाव्या दिवशी झेब्र्यांना खाणं टाकलं तेव्हा पानांतून एक रुपेरी तोंड बाहेर आलं, एक दाणा उचलून पुन्हा आत गेलं. चौदाव्या दिवशी तो पेटीच्या मध्यावर होता, पर पूर्ण पसरून. लपायची जागा वाढवली, तसा तो लपेनासा झाला! डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "नवा आणला का रे?"

त्याच आठवड्यात आप्पांची दाढ ठणकली. खुर्च्या रिकाम्या असून ते भिंतीकडेच्या कोपऱ्यात उभे राहिले. मी बसा म्हटलं तर शेवटच्या खुर्चीच्या कडेला टेकले. पेटीकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "ह्यो बी आपल्यावाणीच कोपरा धरून ऱ्हायचा म्हन की." त्यांचं नाव मी पुकारलं नाही. उठून जवळ गेलो आणि त्यांना आत घेऊन गेलो.

आत मशीन सुरू झालं की एंजल अजूनही पानांमागे जातो. पूर्वी सबंध संध्याकाळ तिथंच काढायचा. हल्ली मी आकडे मोजत बसतो. परवा ऐंशीला तो बाहेर होता.