निफाडची सिसिलियन वेल

नाशकास येणारा प्रवासी बहुधा रामकुंडावर स्नान करून, काळारामाचें दर्शन घेऊन, फार तर त्र्यंबकेश्वरास जाऊन परततो. या क्षेत्राच्या भोंवतीं द्राक्षांचे मळे आहेत हें तो जाणतो. परंतु त्यांतील कांहीं द्राक्षें खाण्यासाठीं नसून मद्यासाठीं पिकवितात, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण ठरविलें, आणि पुढें जिल्ह्यांत तो चांगलाच पसरला.

नाशकाहून चांदोरीवरून पूर्वेस गेलें म्हणजे निफाड लागतें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ सालीं याच गांवीं झाला. जवळच्या कुंदेवाडीस गव्हाचें संशोधन केंद्र आहे. हिंवाळ्यांत तेथील पारा किती उतरला हें वर्तमानपत्रांतून महाराष्ट्रभर वाचलें जातें. याच कुंदेवाडीस रेव्हेलो नांवाच्या मद्यशाळेनें सिसिली बेटांतील ‘नेरो दाव्होला’ ही द्राक्षजात लावली. नांवाचा अर्थ ‘आव्होलाचें काळें’. आव्होला हें त्या बेटाच्या आग्नेय भागांतील गांव. इटलींत या द्राक्षाची साधी वाईन मध्यम स्थितीच्या कुटुंबासही परवडते. आपल्याकडे मात्र परदेशी मद्यावरील आयातकर दीर्घकाळ दीडशें टक्के होता. तेव्हां बाटली आणण्यापेक्षां वेल आणणें हाच व्यवहार ठरला.

पण वेल आणणें सोपें, रुजविणें कठीण. सिसिलींत थंडी पडली कीं वेल पानें गाळून झोपीं जाते. आपल्याकडे तिला तशी झोंप नाहीं. म्हणून शेतकरी वर्षांतून दोनदां कात्री चालवितो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिनें काडी तयार होते, आणि पाऊस सरतांना गोडी छाटणी, जिनें घड येतात. दुपारच्या उन्हानें फळांत साखर भरते, गार रात्रींमुळें आंबटपणा टिकतो, आणि सिसिलींत भाद्रपद-आश्विनांत होणारी तोडणी येथें माघ-फाल्गुनांत होते. मध्येंच अवकाळी पाऊस वा गारपीट आली, तर वर्षाची मेहनत एका रात्रींत मातीला मिळते.

चव पाहावयाची ती घोट-दोन घोटांनीं. रंग पिकल्या जांभळाचा, आणि शेवटीं जिभेवर राहणारा तुरटपणाही जांभळाचीच आठवण देणारा. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा फिकाच असतो. रंग आणि तुरटपणा सालींतून यावा म्हणून तो सालींसह आंबवितात. आपल्या उन्हाळ्यांत बाटली घटकाभर शीतकपाटांत ठेवावी, म्हणजे चव उग्र लागत नाहीं.

झणझणीत मिसळीशीं तिचें जमत नाहीं. मद्यार्क तिखटाचा दाह वाढवितो. पुरणपोळीपुढें ती आंबट लागते. खरी जोडी भरल्या वांग्यांची: तीळ, दाणे आणि तेल तुरटपणास मऊ करतात, मिरची तेवढी बेतानें घालावी. यांत नवल नाहीं. आपल्याकडील वांगें अरबांबरोबर भूमध्य समुद्राकडे गेलें आणि सिसिलीच्या स्वयंपाकांत मुरलें. तेथील ‘कापोनाता’ ही वांग्याची आंबटगोड भाजी प्रसिद्ध आहे. आपलें वांगें तिकडे गेलें, त्यांची वेल इकडे आली. भेट एका ताटावर झाली.

ज्या घरीं मद्य वर्ज्य आहे, तेथें तें वर्ज्यच राहावें. कोणाचा नेम मोडण्याचा आमचा हेतु नाहीं. आपल्या औषधांच्या कपाटांत द्राक्षासव असतें म्हणून ही वाईनही औषधच, असेंही कोणीं समजूं नये. तिच्यांत शेंकडा तेराच्या आसपास मद्यार्क असतो. परंतु आज आपलीं मुलें-मुली पुण्या-मुंबईस आणि परदेशीं अशा पंक्तीस बसतात, आणि घरीं येऊन त्याविषयीं मौन पाळतात. मुलांनीं लपवावें आणि वडिलांनीं न जाणतां निषेध करावा, यापेक्षां उभयतांनीं जाणून घेऊन मग स्वीकारावें वा नाकारावें, हें घराच्या दृष्टीनें अधिक निरोगी. निफाडचा मळा पाहण्यास तर कोणताच नेम आड येत नाहीं. माघांत जावें, तेव्हां वेलींवर काळे घड लोंबत असतात, आणि शेतकरी आभाळाकडे पाहत असतो.